होडी येते की नाही

५ जानेवारी

चि. डिंकी,

आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. धपाटा अशासाठी की या वेळच्या पार्सलला तू इतकी चिकटपट्टी लावली होतीस की ते उघडताना स्वयंपाकघरातली सुरी बोथट झाली. बाइंडर झालीस म्हणून जगातलं सगळंच चिकटवून ठेवायचं का गं?

असो. पुस्तकं पोचली. तुझ्या ग्रंथालयाने बाद केलेली पुस्तकं रद्दीत न जाता, तुझ्या हातचा नवा पुठ्ठा लेवून माझ्याकडे येतात हे मला फार आवडतं. बाद झालेल्या टेलिफोन ऑपरेटरला बाद झालेली पुस्तकं, जोडा छान जमतो. आता मतं ऐक. फोन करून विचारू नकोस. आयुष्यभर फोनला कान लावून बसले, आता तब्येतीखेरीज त्या यंत्रावर बोलायची माझी इच्छा नाही.

लिफ्टमधल्या खुनाचं पुस्तक बरं आहे. खून दंतवैद्याने केला हे मला तो पहिल्यांदा हसला तेव्हाच कळलं होतं. पहाटे उठून आयुष्य बदलायचं जे जाडजूड पुस्तक आहे, त्यात लेखक चार वाजता उठायला सांगतो. उठून करायचं काय, तर त्याचं पुस्तक वाचायचं! मी झोपले. कारखानदाराच्या आत्मचरित्रात पहिल्या प्रकरणात तो अनवाणी आहे आणि दुसऱ्या प्रकरणात त्याच्याकडे सतरा गिरण्या आहेत. मधली पानं बांधायची राहिली नाहीत ना? कवितांच्या पुस्तकात पानावर चार ओळी आणि बाकी सगळा कागद कोरा. कवीचा सासरा कागदाचा व्यापारी असावा.

पण ते दीपगृहाच्या रखवालदाराचं पुस्तक! डिंके, काय शेवट आहे! मला ठाऊक आहे, शेवट सांगायचा नाही हा आपला नियम. तूच केलास, सातवीत असताना, मी तुझ्या आवडत्या पुस्तकाचा शेवट जेवताना फोडला म्हणून. पण तू हे वाचलंयस, तेव्हा बोलते. तो म्हातारा दिवा लावून बसलाय, आपल्याला वाटतं आता संपलं, कुणी येत नाही. आणि होडी येते! बाई स्वतः वल्ही मारत येते, सगळा जिना चढते आणि वर पोचून धापा टाकत पहिलं वाक्य काय म्हणते, तर ‘जिना फारच उंच बांधलाय हो तुम्ही!’ मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

असं लिहिणारा लेखक अजून काय काय लिहून बसलाय, शोध आणि पाठव.

तुझी,
आत्या


१६ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळते आहे.

तुझा टाइपरायटर आता दुरुस्तीला दे. या वेळी त्याने दोन ओळी एकमेकींच्या मांडीवर बसवल्या होत्या. कवीच्या सासऱ्यापर्यंत पोचायला मला भिंग घ्यावं लागलं.

कारखानदाराची पानं पूर्ण आहेत, मी तपासली. गिरण्या खरंच तशाच आल्या. पहाटेवाल्याबद्दल तुझं-माझं एकमत. लिफ्टमधला खून मात्र दंतवैद्याने केलेला नाही, त्याच्या बायकोने केलाय. तू पुन्हा वाच.

आता खरा घोळ. दीपगृहाच्या पुस्तकाची मी तुझी माफी मागणार होते. पुस्तक आम्ही फर्म्या-फर्म्यांनी शिवतो, म्हणजे सोळा पानांची एकेक घडी. त्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा शिवायचा राहूनच गेला. तुझं पार्सल गेल्यावर तो मला खळीच्या भांड्याखाली सापडला. मी शरमेने लाल झाले. तुझ्या प्रतीत गोष्ट एका वाक्याच्या मध्येच तुटते, ‘रखवालदाराने खिडकी उघडली आणि’, बस. पुढे पुठ्ठा.

आत्या, शेवट माझ्या टेबलावर आहे. मग तू वाचलास कुठला? शेवट सांगायचा नाही म्हणून सांगत नाही, पण होडी येत नाही, एवढं सांगते.

आणखी एक. ‘ताई एकटी काय करते?’ असं बाबा विचारत होते. म्हटलं, वाचते. ‘या वयात डोळे दुखत नाहीत तिचे?’ म्हणाले, आणि लगेच आमची मागची खोली रंगवायला काढली. सावध राहा.

तुझी,
डिंकी


२८ जानेवारी

चि. डिंकी,

तुझं पत्र या वेळी छोटं होतं, पण काय गोड गं! दीपगृहाचा शेवट तुलाही असाच आवडला, हे मला वाटलंच होतं. रक्ताचं नातं शेवटी. आणि तू दिलेला सल्ला अगदी पटला. पुस्तक घाईने संपवू नये, रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचावं, सोबत चहा आणि दोन बिस्किटं असावीत. तुझ्या वयाच्या मुलीला एवढी समज आहे याचं मला कौतुक वाटलं.

बाबाच्या रंगकामाचं कळलं. त्याला सांग, खोलीला पिवळा दे, पडदे हिरवे लाव आणि स्वतःच राहायला जा.

सध्या कुंडीतल्या बागेचं पुस्तक चालू आहे. मला वाटलं होतं खतं आणि कीड असेल. पण किती हळवं आहे! मिरचीचं रोप दिवसेंदिवस शेजारच्या कुंडीकडे झुकत जातं आणि माळी त्याला काठी बांधायची की नाही या विचाराने रात्रभर तळमळतो, ते प्रकरण ऐकून मला भरून आलं. एवढंसं पुस्तक, पण संपता संपत नाही.

तुझी,
आत्या


६ फेब्रुवारी

(बाइंडिंगच्या पुठ्ठ्यांवर, ब्रशने, एका पुठ्ठ्यावर एक ओळ)

आत्या!

बागेच्या पुस्तकात खतं आणि कीडच आहे.

चहा-बिस्किटांचं मी काही लिहिलं नव्हतं.

दीपगृहाचा शेवट माझ्याकडे आहे!

तू ‘ऐकून’ लिहिलंस. तुला दिसत नाहीये ना?

वाचून कोण दाखवतं?

खरं सांग, नाहीतर बाबांना सांगते.


१४ फेब्रुवारी

चि. आगाऊ डिंकी,

तुझं पत्र पोस्टमनने दोन्ही हातांत धरून वर आणलं. त्याला वाटलं आरसा आहे. खिडकीत एकेक पुठ्ठा उभा करून मी ते स्वतः वाचलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी स्वतः वाचलं आणि त्यात तुझ्या शिव्या निघाल्या.

पकडलंस. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. टाइप बोटांच्या सवयीने होतं, म्हणून ओळी मांडीवर बसतात. तुझ्या बाबाला सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला असता आणि मला गादीसकट उचलून टीव्हीसमोर नेऊन ठेवलं असतं. म्हणून बोलले नाही.

वाचून दाखवतात ते तळमजल्यावरचे प्रॉम्प्टर. आयुष्यभर नाटक कंपनीत विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवली. मी त्यांना मनातल्या मनात कुजबुजे म्हणते, कारण ते सगळं कुजबुजत बोलतात. खूनसुद्धा कुजबुजत वाचतात. मी दुधवाल्याशी बोलताना एक क्षण अडले की खालून कुजबुज येते, ‘उद्यापासून अर्धा लिटर’, आणि माझं वाक्य पुरं होतं. तुझं एक पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलं, ते घेऊन वर आले. मी म्हटलं, पत्ता वाचा बरं. त्यांनी पत्ता वाचला, मग तुझी चिठ्ठी वाचली, मग पहिलं प्रकरण वाचलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात. वर पोचले की धापा टाकत म्हणतात, ‘जिना फारच उंच बांधलाय हो!’

हे लिहिताना माझ्या डोक्यात उजेड पडतोय. होडीतल्या बाईचं वाक्य!

बघ काय झालं असेल. तुझा फर्मा खळीच्या भांड्याखाली. यांच्यासमोर वाक्य मध्येच तुटलं. आणि प्रॉम्प्टरचा एकच धर्म असतो, रंगमंचावर शांतता पडू द्यायची नाही. नट विसरो, पान हरवो, पुढचं वाक्य आलंच पाहिजे. ते आलं. होडी आली. मी हसले. आणि माझं हसणं ऐकून गृहस्थांना चटक लागली! नाट्यगृहात आपण स्वतःचा एक शब्द कधी बोललो नाही असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. आता सुटलेत. बागेचं पुस्तक कादंबरी करून टाकलं, दंतवैद्याला फासावर चढवलं, तुझ्या पत्रात स्वतःची बिस्किटं घुसडली. आणि पुस्तक संपूच देत नाहीत. संपलं तर उद्या यायचं कारण काय?

आता तू म्हणशील, ऑपरेशन करून घे. ते इतके दिवस का टाळलं तेही सांगते. चाकूला मी भीत नाही. पण दृष्टी आली की कुजबुजे गेले. दिसणाऱ्या बाईला कोण वाचून दाखवतं? मी संध्याकाळची वाट बघते, दुपारपासूनच बघते. झालं तुझं समाधान?

तरीही घे डॉक्टरांची वेळ. खोटं वाचताना या माणसाचं तोंड कसं दिसतं ते मला बघायचंच आहे. त्याखेरीज मला मरण यायचं नाही. बाबाला मात्र ताकास तूर लागू देऊ नकोस.

तुझी,
(रंगेहाथ पकडलेली) आत्या


१९ मार्च

चि. डिंकी,

तू रविवारी गेलीस आणि घर सुनं झालं. तू केलेली उस्तवार विसरणार नाही. तू डबे चुकीच्या फळीवर लावून गेलीस हेही आता मला दिसतंय.

ऐक. तुझ्यासमोर ठरलं तसंच मी कुजबुज्यांना सांगितलं, की ऑपरेशन बरं झालं, पण डोळे आळशी आहेत, काळा चष्मा लावून बसायचं, वाचन इतक्यात नाही. त्यांनी मान हलवली. ‘घाई करू नये,’ म्हणाले. आवाजात मला जरा आनंदच ऐकू आला. माझे कान अजून ऑपरेटरचे आहेत.

मग मी चष्म्याआडून त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. भुवया पांढऱ्या आणि फार चळवळ्या. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं. जिना चढून आल्यावर खुर्चीत बसायच्या आधी केसांवरून हात फिरवतात. कुणासाठी? मला तर दिसत नाही!

सध्या वाळवंटातल्या प्रवासाचं पुस्तक चालू आहे. निदान मला तसं वाटत होतं. डिंके, ते पुस्तक संपलंय! ते शेवटच्या पुठ्ठ्याआधीचं कोरं पान उघडून बसले होते आणि त्यावरून वाचत होते. काफिला, विहीर, उंटाचा रुसवा, सगळं. मला आवाज ऐकू यावा म्हणून तेच एक पान इकडून तिकडे आणि तिकडून इकडे उलटत होते. आणि बोट! कोऱ्या कागदावर, नसलेल्या ओळींखाली, सावकाश बोट फिरवत होते. ओळ संपली की बोट परत डावीकडे.

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात दडवलं. त्यांनी लगेच पाण्याचा पेला पुढे केला, तो मी घेतला आणि घटाघट प्यायले. मग उंटाचा रुसवा काढण्यात उरलेली संध्याकाळ गेली. असं सुंदर वाळवंट मी कुठे वाचलेलं नाही.

आता काम ऐक. मला एक पुस्तक बांधून पाठव. कापडी पाठ, सोनेरी पट्टी, सगळा थाट कर. आत मात्र एकही अक्षर नको, सगळी पानं कोरी. पहिल्या पानापासूनच गृहस्थ काय करतात ते मला बघायचंय. नाही म्हणू नकोस. म्हाताऱ्या माणसाची हौस आहे.

तुझी,
आत्या


३० मार्च

ती. आत्या,

पुस्तक पाठवलंय. निळं कापड, सोनेरी पट्टी, चांगला जाड कागद. सगळे फर्मे मी दोनदा मोजले. नाव घातलेलं नाही, कारण मला सुचलं नाही.

पण ते देऊ नकोस.

मला तुझी मस्करी आवडते, तिच्याच जिवावर मी मोठी झाले. पण त्यांचा विचार कर. शेवटच्या कोऱ्या पानावरून वाचणं वेगळं. ते त्यांचं गुपित आहे, तिथे त्यांना कुणी बघत नाही. पहिलंच पान कोरं दिसलं की त्यांना कळेल, आपल्याला पकडलंय. अशी माणसं भांडत नाहीत. ‘येतो बाई,’ म्हणतील आणि पुन्हा वर येणार नाहीत. मग तू काळा चष्मा लावून कुणाची वाट बघशील? माझी पुस्तकं तुला स्वतः वाचावी लागतील, आणि त्यात होडी येत नाही, मिरची कुणावर झुकत नाही.

सध्या मी एका राजघराण्याच्या इतिहासाला पाठ लावते आहे. काल जेवणाच्या सुट्टीत त्याचं शेवटचं कोरं पान उघडून बसले आणि वाचून बघितलं. एक वाक्यसुद्धा आलं नाही. ते सोपं नाही, आत्या.

बाबांनी खोली पिवळी केली. पडदे हिरवे आहेत. मी तुझा निरोप दिलाच नव्हता, हे त्यांचं त्यांनाच सुचलं.

तुझी,
डिंकी


१२ एप्रिल

चि. डिंकी,

दिलं.

तुझं पत्र आधी वाचलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी, दोनदा. तुझं बरोबर होतं. पुस्तक मी कपाटात ठेवलंही. पण मला राहवेना, तू ओळखतेस मला. काल ते आले, जिन्याला नावं ठेवून झाली, केसांवरून हात फिरवून झाला. मी म्हटलं, डिंकीने नवं पुस्तक पाठवलंय, फार दुर्मीळ आहे म्हणते.

त्यांनी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग मधलं कुठलं तरी. मी चष्म्याआडून बघत होते आणि ओठ चावत होते. आता सुरू होईल, आता सुरू होईल. काहीच सुरू झालं नाही. ज्या माणसाने जन्मभर रंगमंचावर शांतता पडू दिली नाही, तो माझ्या खोलीत पुस्तक उघडं धरून गप्प बसला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येत होता. मनात म्हटलं, मस्ती अंगाशी आली, डिंकीने सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही. आता हा माणूस उठणार. मला रडू यायला लागलं, आणि काळ्या चष्म्याखालून ते गालावर आलं तर काय सांगायचं, याचाही विचार मी करून ठेवला.

ते उठलेच. पुस्तक मिटलं, माझ्यासमोर आले आणि ते माझ्या मांडीवर सुलट ठेवलं. आणि कुजबुजले नाहीत. मोठ्याने बोलले. एवढे दिवस येताहेत, त्यांचा खरा आवाज मी काल पहिल्यांदा ऐकला. भरदार आहे गं.

म्हणाले, “बाई, आज तुम्ही वाचा.”

मी म्हटलं, “मला कुठे दिसतंय?”

“त्या दिवशी तुम्हाला ठसका लागला, तेव्हा मी पेला न बोलता पुढे केला होता. तुम्ही तो न चाचपडता घेतलात. मी आयुष्यभर विंगेतून चेहरे बघितलेत बाई. कोण खरंच विसरलंय आणि कोण सोंग करतंय, तेवढं मला कळतं.”

म्हणजे मला दिसतंय हे यांना केव्हाचं ठाऊक होतं. आणि ठाऊक असून हा माणूस रोज जिना चढून येत होता, कोऱ्या पानावर बोट फिरवत होता, आणि मी बघतेय हे माहीत असताना उंटाचा रुसवा काढत होता! डिंके, ते वाचून दाखवायला येत नव्हते. नुसते येत होते. मला इतका आनंद झाला की मी आधी त्यांच्यावर रागावूनच घेतलं.

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं वाक्य होतं ते. मी कसं बोलणार?”

मी चष्मा काढला. पुस्तक उघडलं. पांढराशुभ्र कागद, तुझ्या खळीचा वास, आणि माझ्या तोंडाला कुलूप. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, स्वतः बोलायची वेळ आली आणि एक शब्द सुचेना. पान बघत बसले. बोटसुद्धा ठेवून पाहिलं. ते माझ्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, विंगेत उभे राहत असतील तसे, आणि कानाशी कुजबुजले,

“एक बाई होती…”

“एक बाई होती,” मी वाचलं. “तिला स्वच्छ दिसत होतं.”

“पण…”

“पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं.”

“तळमजल्यावर एक…”

“थांबा हो,” मी म्हटलं, “हे माझं पान आहे!” आणि मग माझं मी वाचत गेले. चहा गार झाला, त्यांनी बिस्किटं एकट्याने संपवली. फक्त दोनदा अडले, दोन्ही वेळा मागून शब्द आला.

तुझ्या बाबाला कळवून टाक, डोळे ठणठणीत आहेत, टेम्पो नको. त्या पिवळ्या खोलीत तुझी पुस्तकं ठेव. आणि पुढचं पार्सल सावकाश पाठवलंस तरी चालेल, आमचं हे पुस्तक बरंच मोठं आहे, तू कागद जाड लावलास तरी पानं भरपूर घातलीस.

होडी आली का, एवढं मात्र विचारू नकोस. शेवट सांगायचा नाही, हा आपला नियम आहे.

तुझी,
आत्या